उजव्या बाजूचा पत्रा

मी बोटीच्या पाठीमागचा उजवा पत्रा बोलतोय. पाठीमागचा म्हणजे अगदी पाठीमागचा, जिथला फोटो कुणी काढत नाही तिथला. बोट उभी असली की मी पाण्याखाली असतो आणि पळायला लागली की फेसाखाली. त्यामुळे मला एकदाही न पाहता माझ्याविषयी ठाम मत बाळगणारी माणसं कुवेतमध्ये पुष्कळ आहेत.

दुकानातलं माझं नाव ट्रिम टॅब. गिरगिस मिस्त्री मला सरळ पत्रा म्हणायचा आणि मलाही तेच बरं वाटतं. बोटीच्या मागच्या फळीला, तळाच्या कडेलगत, एक उजवीकडे आणि एक डावीकडे असे आम्ही दोघे बिजागरीवर लटकतो. वरून एकेक दांडा आम्हाला खाली ढकलतो किंवा वर ओढून घेतो. बोट पळताना उजवी बाजू बुडायला लागली की उजव्याने खाली व्हायचं. मग पाणी त्याच्यावर आदळतं आणि ती बाजू वर उचलली जाते. डावी बुडाली तर डाव्याने. अर्ध्या मिनिटात समजावं असं काम आहे. चार वर्षं झाली, माझ्या मालकाला अजून ते समजलेलं नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. न गंजणाऱ्या पोलादाच्या एकाच चादरीतून मला आणि डाव्याला शेजारी शेजारी कापलं, घासलं, चकचकीत केलं आणि एकाच खोक्यात तोंडाला तोंड लावून झोपवलं. समुद्रावरच्या त्या लांबच्या प्रवासात मला वाटायचं, आपल्या दोघांच्या वाट्याला सारखंच येणार. एकाच चादरीतून कापलेल्यांना तसं वाटतं.

कुवेतमधल्या शुवैखच्या एका दुकानात, भोंगे आणि गळाच्या काठ्या यांच्यामध्ये, मी वर्षभर धूळ खाल्ली. मग एके दिवशी गिरगिसने मला नमुना म्हणून बगलेत मारलं आणि बू शमलानच्या बैठकीत, म्हणजे घरातले-गावातले पुरुष रोज गप्पांना जमतात त्या खोलीत, नेऊन गालिच्यावर ठेवलं.

बू शमलान म्हणजे शमलानचा बाप. थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारायची इथली रीत आहे, त्यामुळे मुलगा कसाही निघो, बापाला ते नाव जन्मभर मिरवावं लागतं. हा म्हातारा एकतीस वर्षं बंदरात टग, म्हणजे जहाजं ओढणारी बोट, चालवायचा. चार मजली इमारतीएवढी जहाजं त्याने धक्क्याला ओरखडा न उमटवता जागेवर आणून उभी केली होती. आता वय शहात्तर, वजन एकशे चाळीस किलो, बायको वारलेली, गुडघे गेलेले. त्याच्यापाशी उरलेली एकच गोष्ट होती, शुक्रवार. शुक्रवारी मुलाच्या बोटीतून कुब्बर बेटाच्या पलीकडे जायचं आणि हातात दोरा धरून हामूर मासा पकडायचा. उरलेले सहा दिवस तो शुक्रवारची वाट बघण्याचं काम करायचा आणि ते काम त्याने कधी चुकवलं नाही.

बोट शमलानची. शमलान सरकारी खात्यात परवाने देतो, म्हणजे बहुधा देत नाही. त्याच्या बहिणीचा नवरा बर्राक, हा त्याचा सल्लागार. बर्राकच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिलेला नव्हता, पण बैठकीत बोलताना त्याची अडचण होत नसे.

भानगड अशी होती की त्या बोटीचं चाक उजवीकडे, त्यामुळे शमलान उजवीकडे उभा. त्याला सल्ला देण्यासाठी बर्राक त्याला खेटून, म्हणजे तोही उजवीकडे. आणि चाकामागचा गादीचा बाक हा मानाचा. कॉफीचा पेला उजव्या हाताच्या माणसापासून फिरतो, दारातून आत जाताना उजवीकडच्याला आधी जा म्हणतात, मग बापाला बसवणार कुठे? उजवीकडेच. डाव्या बाजूला बर्फाची पेटी आणि मचबूस भाताचं पातेलं. अशी ती अठ्ठावीस फुटी बोट दर शुक्रवारी कानात पाणी गेल्यासारखी मान वाकडी करून पळायची. कुणीतरी दुसऱ्या बोटीतून मोबाइलवर तिचं चित्रण केलं आणि ते गावातल्या सगळ्या बैठकांतून फिरलं. शमलानला दोन दिवस ताप आला, म्हणतात.

म्हणून गिरगिसला बोलावलं होतं. हा मिस्रचा, म्हणजे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा मिस्त्री, हात काळे, मिशा पांढऱ्या, प्रत्येक साहेबाला बाशा म्हणणारा. त्याने चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "बाशा, बोटीत कोण कुठे बसतं?"

शमलानने सांगितलं.

"मग पत्रे कशाला हवेत? हाजसाहेबांना डावीकडे बसवा. चार हात सरकले की बोट सरळ. फुकटात काम."

बैठकीतले चमचे पेल्यात फिरायचे थांबले. बर्राकने गिरगिसकडे वळून पाहिलं. "काय रे गिरगिस, तुझ्या गावात बापाला डावीकडे बसवतात का?"

"बाशा, माझ्या गावात बापाकडे बोटच नव्हती."

दोघेचौघे हसले. शमलान हसला नाही. "माझा बाप डावीकडे बसणार नाही," तो म्हणाला. "तू पत्र्यांचं बोल."

म्हातारा कोपऱ्यात, उजवीकडच्या पहिल्या जागेवर बसला होता. त्याने पाठ जरा ताठ केली. खोटं कशाला सांगू, आपल्या मानासाठी मुलगा भांडतोय हे बघून तो सुखावला होता. ते सुख त्याला पुढे फार महाग पडलं.

गिरगिसने माझ्या शेजारी दुसरा एक नमुना ठेवला. तो माझ्याहून निम्मा, कोपरे गोलसर, दिसायला एकदम छान. शमलानला तो आवडला. "हा घेऊ. मागून नाजूक दिसेल."

"बाशा, जितके फूट बोट तितके इंच पत्रा, असा साधा हिशेब असतो. म्हणजे तुम्हाला अठ्ठावीस इंची हवा. पण मागची जागा दोन इंजिनांनी खाल्लीय आणि पत्रा इंजिनाच्या फार जवळ गेला तर पंख्याला नीट पाणी मिळत नाही. म्हणून चोवीस. त्याच्या खाली मी जाणार नाही. ह्या नाजूक पोराने हाजसाहेब उचलले जायचे नाहीत."

"पण दिसायला..."

"बाशा, हा पाण्याखाली असतो. दिसणार कुणाला? माशांना?"

शमलान विचारात पडला. मग त्याने खरा प्रश्न विचारला. "आमच्या शेजारी लागते त्या बू खलफच्या बोटीला कुठले आहेत?"

"मोठे."

अशी माझी निवड झाली. चुकीच्या कारणासाठी झाली, पण निवड बरोबर होती.

बोट गाड्यावर चढवून अंगणात आणली. गिरगिसने बाहेरच्या कडेपासून चार बोटं सोडली, तळाला लांब पट्टी धरून माझी पातळी जुळवली आणि भोकं पाडली. भोकांत असं लुकण भरलं की ते एकदा सुकल्यावर माणसं वेगळी होतील, पत्रा होणार नाही. मग स्क्रू, मग दांडा, मग तारा. शेवटी माझ्या पाठीवर जस्ताचा एक गोळा बसवला. खाऱ्या पाण्याला काहीतरी खायला लागतंच. आमच्याऐवजी तो झिजतो आणि झिजला की नवा लावायचा असतो.

तारा लावताना गिरगिसने डाव्या बटणाची तार माझ्याकडे आणली आणि उजव्या बटणाची डाव्याकडे. शमलानला त्याने जवळ बोलावून समजावलं. "बाशा, नीट ऐका. ही बटणं पत्र्यांची नाहीत, नाकाची आहेत. डावं बटण दाबलं की बोटीचं डावं नाक खाली जातं. ते खाली जायला मागचा उजवा पत्रा खाली व्हावा लागतो. म्हणून तारा फुलीसारख्या, उलट्या. तुम्ही डोकं चालवू नका. ज्या बाजूचं नाक वर दिसेल त्या बाजूचं बटण दाबा."

"कळलं, कळलं," शमलान फोनवरून नजर न काढता म्हणाला. हा शब्द त्याच्या खात्यात अर्ज परत करताना वापरतात.

"आणि चावी बंद केली की दोन्ही पत्रे आपोआप वर येतात. कुणी विसरलं तरी लटकत राहत नाहीत." हे सांगताना गिरगिसला अभिमान वाटला. मलाही वाटला. काय करू, तेव्हा मी नवा होतो.

पुढचं एक वर्ष चांगलं गेलं. शमलान डावं बटण दाबायचा, मी खाली व्हायचो, पाठीवर समुद्र घ्यायचो आणि एकशे चाळीस किलोचा म्हातारा, शमलान आणि बर्राक, तिघांना मिळून उचलून धरायचो. बोट सरळ पळायची. डावा पत्रा शेजारी वर आरामात झोपलेला असायचा. त्याची चकाकी कायम राहिली, माझ्यावर शिंपले चढले. त्याने एकदाही माझी चौकशी केली नाही. त्याला जाग आली असती तर कदाचित केली असती.

कुब्बरच्या पलीकडे बोट उभी राहिली की म्हातारा दोरा सोडायचा. दोरा उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवरून जायचा आणि तो डोळे मिटून बसायचा. मासा खालून दोऱ्याला नुसता नाक लावून गेला तरी त्याला कळायचं. "हा हामूर नाही, उगाच हुंगतोय," असं म्हणायचा. मग एकदम, "हा आला," आणि खरंच यायचा. बर्राककडे आपोआप दोरा गुंडाळणारी, घुंगरू वाजवणारी काठी होती. तिला घुंगरांखेरीज काही लागलं नाही.

मग तो बुधवार आला. बोट धुण्यासाठी गाड्यावर, बैठकीच्या दारात उभी होती. बर्राकला काम नव्हतं. तो बोटीत चढला आणि बटणं दाबत, मागे वाकून आमच्याकडे बघत बसला. त्याने डावं दाबलं, मी हललो. उजवं दाबलं, डावा हलला.

"शमलान! अरे बाहेर ये! तुझ्या त्या मिस्रीने तारा उलट्या लावल्यात!"

बैठक रिकामी होऊन बोटीभोवती जमली. प्रत्येकाने वर चढून एकेकदा दाबून पाहिलं. डावं दाबलं की उजवा, उजवं दाबलं की डावा. शंकेला जागाच नव्हती. वर्षभर बोट सरळ पळत होती, ही गोष्ट कुणाला आठवली नाही, कारण सरळ पळणाऱ्या बोटीबद्दल बैठकीत कुणी बोलत नाही.

म्हातारा काठी टेकत दारात आला. "राहू द्या रे," तो म्हणाला. "ते तसंच असतं. नाकाचं बटण आहे ते, पत्र्याचं नाही."

"बू शमलान," बर्राक वरून हसत म्हणाला, "तुमच्या टगला बटणं होती का?"

"नव्हती. म्हणून तर डोकं वापरावं लागायचं."

हशा पिकला. शमलान लगबगीने पुढे झाला. "यूबा," त्याने बापाला म्हटलं, "तुम्ही उन्हात उभे राहू नका. कुणीतरी खुर्ची आणा रे. यूबांना आत सावलीत बसवा." खुर्ची आली, थंड पाणी आलं, दोन माणसांनी म्हाताऱ्याला अदबीने दंडाला धरून आत नेलं. इकडे माणसाचं तोंड बंद करायचं असलं की त्याच्या मागे उशी सरकवतात.

बर्राकने दोन जोड काढले आणि अदलाबदल करून लावले. दोन मिनिटं लागली. "आता कसं," तो हात झटकत म्हणाला, "डाव्याला डावं आणि उजव्याला उजवं. शाळेत शिकवतात तसं."

मला तोंड नाही. असतं तरी एवढ्या मोठ्या बैठकीत पत्र्याला कोण बोलू देणार होतं!

शुक्रवारी सकाळी वारा होता, पाण्यावर पांढरे तुरे होते. धक्का सोडून बोट मोकळ्यात आली, वेग घेतला आणि नेहमीसारखी उजवीकडे कलली. डावं नाक वर आलं. शमलानने डावं बटण दाबलं. त्याच्या बोटाला वर्षभराची सवय होती, डोक्याला कसलीच नव्हती.

मी वाट पाहिली, पण माझा दांडा हललाच नाही. शेजारी वर्षभर झोपलेला डावा खाडकन जागा झाला आणि खाली गेला. तो खाली जाताच डावी बाजू आणखी वर आली आणि उजवी आणखी बुडाली. शमलानने पुन्हा डावं दाबलं. डावा अगदी तळापर्यंत गेला. आता पाण्याने त्यालाच धरलं आणि बोट डावीकडे ओढली गेली, एकीकडे वळते आहे आणि दुसरीकडे झुकते आहे अशी.

"उजवं दाब!" बर्राक ओरडला. "नाही नाही, डावं! अरे, दाब ना काहीतरी!"

शमलानने पूर्ण पंजा सगळ्या बटणांवर ठेवला. तेव्हा कुठे मीही खाली गेलो. पण तोपर्यंत उजव्या बाकावरून म्हातारा पाण्यात गेला होता. ओरडला नाही. गादीसकट गेला.

त्याच्या मापाचं तरंगायचं जाकीट बोटीत नव्हतं. कुणी आणलं नव्हतं, कारण तसं विचारणं म्हणजे वजनाचा विषय काढणं झालं असतं. पण जाड माणूस तरंगतो आणि त्या सकाळी तिथे शुद्धीवर असलेला तो एकटाच होता. शमलानने बोट थांबवली तेव्हा त्याने चार हात मारून बोटीची मागची बाजू गाठली, उजव्या हाताने मला आणि माझ्या दांड्याला जिथे जोड आहे तिथे गच्च पकडलं आणि तो वर बघून म्हणाला, "शमलान, आधी इंजिन बंद कर. पंखा फिरतोय."

अगदी बरोबर बोलला. एकतीस वर्षांत त्याने कितीजणांना हेच सांगितलं असेल.

शमलानने चावी फिरवली. चावी बंद झाली की पत्रे आपोआप वर येतात. मी वर आलो.

मी थांबू शकत नव्हतो. मोटर ओढते तसं मला जावं लागतं. मला लाकूड माहीत आहे, शेवाळ माहीत आहे, शिंपले माहीत आहेत. त्या दिवशी हाड माहीत झालं. ते आधी थोडं अडतं आणि मग अडत नाही.

म्हाताऱ्याचा चेहरा पाण्याच्या रंगाचा झाला. "चावी," तो म्हणाला. "चावी परत लाव." आवाज चढवला नाही. वर बर्राक कठड्यावर वाकून ओकत होता. शमलानला चावी कुठल्या बाजूला फिरवतात ते आठवत नव्हतं. तिसऱ्यांदा त्याला जमलं. तुमच्या भाषेत हाताचं बोटही बोटच आणि पाण्यातली बोटही बोटच. त्या शुक्रवारी बोटीने दोन बोटं खाल्ली. पहिलं आणि दुसरं, उजव्या हाताची. ज्यांवरून दोरा जायचा ती.

पुढच्या आठवड्यात बोट पुन्हा अंगणात आली आणि गिरगिसला बोलावणं गेलं. म्हातारा हाताला पांढरं गाठोडं बांधून खुर्चीत बसला होता. बाजूला शमलान, बर्राक आणि बैठकीतली माणसं. गिरगिसने चाकाखाली डोकं घातलं, दोन क्षणांत बाहेर काढलं आणि बराच वेळ कपड्याला हात पुसत राहिला.

"बाशा, ह्या तारांना कुणी हात लावला?"

"मी," बर्राक म्हणाला. "तू उलट्या लावल्या होत्यास. मी सुलट केल्या."

गिरगिसने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा पुढे वाकला. "बोल गिरगिस. काय झालं ते सगळ्यांना सांग. मी सांगितलं तर म्हणतात, औषधाच्या गुंगीत बोलतोय."

त्या क्षणी सगळं गिरगिसच्या जिभेवर होतं. नाक कुठलं, पत्रा कुठला आणि चूक कुणाची. पण शमलान आधी बोलला, तोही अगदी मऊ आवाजात. "गिरगिस, तू जाणता माणूस आहेस. यूबांचं वजन तुला ठाऊक आहे. तूच इथे बसून सांगितलं होतंस ना, की त्यांच्यामुळे बोट कलते? मग त्या दिवशी कशाने कलली?"

गिरगिसचा ह्या देशात राहायचा कागद दर वर्षी शमलानच्या ओळखीने नवा होत असे. त्याच्या दोन मुली अलेक्झांड्रियात शिकत होत्या.

"वजनानेच, बाशा," तो म्हणाला.

म्हातारा मागे टेकला. "चहा घेऊन जा हो," एवढंच म्हणाला.

"तारा पहिल्यासारख्या करून देऊ का?" गिरगिसने जाता जाता शमलानला हळूच विचारलं.

"राहू दे. परत काही घोळ नको."

त्यानंतर बू शमलानला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. त्याचा मान उलट वाढला. समुद्र आता तुमच्या वयाला मानवत नाही, असं त्याला सांगण्यात आलं, सांगताना सगळे उभे होते. बैठकीत त्याच्यासाठी चामड्याची मोठी खुर्ची आणली. तिच्या बाजूला बटण आहे, ते दाबलं की पाय वर येतात. शुक्रवारी संध्याकाळी जी काही मासळी मिळे तिच्यातला सर्वांत मोठा हामूर, डोक्यासकट, आधी त्याच्यापुढे जाई. तो कुठून आणला हे तो विचारत नसे. बाजारातल्या बर्फाचा वास त्याला ओळखू येत नसेल, असं त्यांना का वाटलं कोण जाणे.

असे सात महिने गेले. मग एका शुक्रवारी, फजरची नमाज होऊन उजाडल्यावर, बोटीवर पाऊल पडलं. मी ओळखलं. बोट त्याच्याइतकी कुणाखाली वाकत नाही. तो टॅक्सी करून एकटाच आला होता. धापा टाकत होता, डाव्या हातात दोऱ्याचं रीळ होतं. क्षणभर उजव्या बाकापाशी उभा राहिला. मग तो बोट ओलांडून गेला आणि डावीकडे, बर्फाच्या पेटीवर बसला.

थोड्या वेळाने शमलान आणि बर्राक आले. बर्राकच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"यूबा, हे काय?"

"डावीकडे बसलोय," म्हातारा म्हणाला. "तू चाकावर उभा राहा, बर्राकला बाजूला घे. बघ, बोट सरळ राहील. पत्र्यांना हात लावायलाच नको."

"पेटीवर बसलायत तुम्ही!"

"चांगली थंड आहे."

"लोक बघतायत, यूबा." शेजारच्या बोटीवर बू खलफची माणसं खरंच बघत होती.

"बघू देत."

"बघू देत काय! शमलानने बापाला डावीकडे, बर्फाच्या पेटीवर बसवलं म्हणतील. मी तोंड कुठे दाखवू?"

"तू कुठे बसवतोयस? मी बसलोय."

"ते तुम्हाला माहीत. त्यांना काय दिसणार?"

म्हाताऱ्याने उरलेल्या तीन बोटांनी पेटीची कड धरली. "शमलान, दोरा मला आता डाव्या हातावर धरता येतो. घरी बादली टांगून सराव केलाय. मी कुणाच्या मध्ये येणार नाही. बोलणारसुद्धा नाही. मागे शेपटीकडे बसव हवं तर."

शमलान खाली वाकला आणि त्याने बापाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खरं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. "तुमची जागा आमच्या डोक्यावर आहे, यूबा," तो म्हणाला. मग त्याने एका दंडाला धरलं, बर्राकने दुसऱ्या. त्यांनी त्याला उचललं, अगदी जपून, काचेचं सामान उतरवावं तसं, आणि धक्क्यावर उभं केलं. रीळही दिलं. टॅक्सीवाल्याला हाक मारली.

डोक्यावरच्या जागेवरून हामूर पकडता येत नाही.

बोट निघाली. एकशे चाळीस किलो कमी झाल्यावर ती रेघ ओढल्यासारखी सरळ पळाली. "बघ," बर्राक म्हणाला, "पत्र्यांनी काय काम केलंय!" आम्ही दोघेही तेव्हा वर होतो. कुणी बटणाला हात लावलेला नव्हता.

आता माझं काय विचारता? जस्ताचा गोळा केव्हाच झिजून गेला, नवा कुणी लावला नाही, त्यामुळे आता खारं पाणी मलाच खातंय. स्क्रूंभोवती तांबूस कडी दिसायला लागली आहेत. बिजागरी करकरते. तारा अजून बर्राकने लावल्या तशाच आहेत. एखाद दिवशी उजवीकडे दुसरं कुणी जड, मानाचं माणूस बसेल, शमलानचं बोट डाव्या बटणावर जाईल आणि पुन्हा सगळे मिळून वजनाला दोष देतील.

मला घासून चकचकीत करा, असं मी म्हणत नाही. मागणं एवढंच आहे की तुमची बोट कलली तर पत्रा घ्यायला धावण्याआधी माणसाला सरकायला सांगा. त्याला राग येईल. येऊ द्या, घटकाभराचा असतो. आणि एखादा आपण होऊन सरकला, तर त्याला बसू द्या.

बोटीतली माणसं पुढे बघतात. मागे बघत राहायचं काम आम्हा दोघांकडे आहे आणि डावा तर झोपलेला असतो. त्या दिवशी धक्का दिसेनासा होईपर्यंत मी पाहत होतो. टॅक्सीवाला दार उघडून उभा होता आणि म्हातारा त्यात बसत नव्हता.